१९६५ मस्टँग: सस्पेन्शन आणि चाकं बदलायचीत, सुरुवात कुठून करू?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गेल्या हिवाळ्यात १९६५ ची फोर्ड मस्टँग घेतली. हार्डटॉप, २८९ घन इंचाचं व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक. दारावरच्या पट्टीवर नंबर ५ टी ०७ सी असा सुरू होतो, म्हणजे ६५ साल, मेटचन प्लांट, हार्डटॉप, आणि सी म्हणजे २०० हॉर्सपॉवरवालं इंजिन. नाव मेटचन असलं तरी तो कारखाना होता आमच्या एडिसनमध्येच, रूट वनवर, २००४ ला बंद झाला. म्हणजे गाडी याच गावात बनलीय. हे कळलं तेव्हाच ठरवलं की ही विकायची नाही आणि झाकूनही ठेवायची नाही, चालवायची.

इंजिन छान आहे, पत्रा ठीक आहे. पण चालवायला भीती वाटते. ताशी ५५ मैलांच्या पुढे गेलं की पुढची बाजू तरंगते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं इकडेतिकडे सावरत बसावं लागतं, पुलावरचा जोड आला की नाक दोनतीनदा हलतं, ब्रेक दाबला की खाली बसतं आणि वळणावर गाडी इतकी झुकते की बायको दार धरून बसते. स्टिअरिंग पॉवरचं नाही, साधं. चारही ब्रेक ड्रमचे. चाकं १४ इंची लोखंडी, ५ इंच रुंद, त्यावर १९५/७५ चे टायर. टायरचा डॉट कोड बघितला तर शेवटचे चार आकडे २३११, म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा!

ट्रॅकवर वगैरे न्यायची नाहीये. शनिवार-रविवारी डेलावेअर वॉटर गॅपकडे, पोकोनोजमध्ये घाटातून फिरायचं, एवढंच. मनात १७ इंची टॉर्क थ्रस्ट (जुन्या घाटाची अलॉय) चाकं भरलीत, कार्टमध्ये टाकून ठेवलीत. आधी चाकं घेऊ का आधी सस्पेन्शन? आणि सस्पेन्शनमध्ये नक्की काय काय?

नाशिकचा_नंदू
वा वा, काय गाडी घेतलीत! फोटो टाका हो आधी. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

डिअरबॉर्नवासी
अभिनंदन एडिसनकर. चाकं कार्टमधून काढा, निदान आत्ता तरी. माझ्याकडे ६६ आहे, अनेक वर्षं हीच कामं करतोय आणि इथल्या क्लबातल्या बऱ्याच जणांच्या गाड्यांखाली झोपलोय, तर अनुभवाने सांगतो, या गाडीत चाक सगळ्यात शेवटी घ्यायचं. का ते पुढे येईलच.

पहिलं काम पैशाचं नाही, बघण्याचं आहे. बॉनेट उघडा. इंजिनच्या दोन्ही बाजूंना जे पत्र्याचे उंच बुरूज आहेत ते शॉक टॉवर. या गाडीत पुढची कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर (आर्म म्हणजे चाक सांगाड्याला जोडणारा हलता दांडा) बसते, म्हणजे गाडीच्या नाकाचं सगळं वजन त्या टॉवरमध्ये जातं, आणि खाली वेगळी चासी नाही, सगळा पत्र्याचाच सांगाडा, मुळात फाल्कनवरून घेतलेला. साठ वर्षांत हे टॉवर आत झुकलेले असतात. बघायचं कसं, तर दोन्ही टॉवरना जोडणारा आडवा दांडा मिळतो, मोंटे कार्लो बार म्हणतात, तो उसना आणून सहज बसतो का बघा. भोकं जुळली नाहीत तर टॉवर आत आलेत, मग हायड्रॉलिक जॅकने हळूहळू बाहेर ढकलून घ्यायचे. टॉवरच्या मुळाशी चिरा आहेत का, गंज आहे का, जुने वेल्डिंग कोणी फासलंय का, टॉर्च लावून नीट बघा. तिथे चीर असेल तर बाकी सगळं थांबवायचं.

टॉवर ठीक असतील तर एक्स्पोर्ट ब्रेस लावा. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना टॉवरपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) दोन वेगळ्या पट्ट्या होत्या, खराब रस्त्यांच्या देशांत जाणाऱ्या गाड्यांना फोर्ड एकसंध जाड ब्रेस लावायचं, म्हणून हे नाव. कॅरोल शेल्बीने बनवलेल्या वेगवान मस्टँगला, म्हणजे जीटी३५० ला, पण हाच होता. स्वस्त आहे, दोन तासांचं काम आहे, आणि फरक हाताला लागतो.

दुसरं, गाडी जॅकस्टँडवर घेऊन चाक वर-खाली आणि डावी-उजवी हलवून बघा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, आयडलर आर्म, खालच्या आर्मचे रबरी बुश, स्ट्रट रॉडचे (खालच्या आर्मला पुढून धरणारा दांडा) बुश. तुम्ही जे तरंगणं म्हणताय त्यातलं निम्मं इथे सापडेल आणि उरलेलं अलाइनमेंटमध्ये. त्यात २०११ चे टायर! ते आजच फेका, मैल कितीही कमी झाले असोत. तोवर हायवेला नेऊ नका हात जोडून सांगतो.

चाकणचा_इंजिनिअर
धागा आवडला. मी सस्पेन्शन डिझाइनमध्येच काम करतो (आधुनिक गाड्यांच्या), पण या मस्टँगची भूमिती अभ्यास करण्यासारखी आहे म्हणून लिहितो.

मूळ रचनेत वरच्या आर्मची आतली बिजागरी जरा जास्तच वर आहे. त्यामुळे वळणावर गाडी झुकली आणि बाहेरचं चाक वर दाबलं गेलं की ते वरच्या बाजूने आत कलण्याऐवजी बाहेर कलतं, म्हणजे नेमकी जिथे पकड हवी तिथे टायर स्वतःच्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. फोर्डमधले इंजिनिअर क्लाऊस आर्निंग यांनी यावर उपाय काढला तो म्हणजे वरचा आर्म १ इंच खाली घ्यायचा. टॉवरला नवी भोकं पाडायची, जुन्यापासून १ इंच खाली आणि १/८ इंच मागे, १७/३२ इंच व्यासाची. बस. १९६५ च्या जीटी३५० ला शेल्बीने हेच केलं होतं, ६६ मध्ये खर्च वाचवायला बंद केलं. लोक याला शेल्बी ड्रॉप किंवा आर्निंग ड्रॉप म्हणतात. भोकांचं टेम्प्लेट तयार मिळतं.

यातून दोन गोष्टी होतात. चाक दाबलं गेल्यावर योग्य दिशेला कलायला लागतं, आणि पुढचा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) वर येतो म्हणून गाडी कमी झुकते, तेही स्प्रिंग कडक न करता. म्हणजे आराम तसाच राहतो आणि वळण सुधारतं. एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा देणारं दुसरं काम मला तरी माहीत नाही. गाडी पुढून अर्धा-पाऊण इंच खाली बसते ते वेगळं.

१ इंचापेक्षा जास्त खाली मात्र घेऊ नका, कारण मग चाक लोंबकळताना बॉल जॉइंट अडकतो आणि त्याला वेगळी पाचर लावावी लागते. घाटात फिरायला त्याची गरज नाही.

एडिसनकर
देवा, केवढी माहिती! @डिअरबॉर्नवासी, टॉर्च घेऊन बघितलं, चिरा दिसत नाहीत, डाव्या टॉवरला खाली वरवरचा गंज आहे. शेजारच्या गावातल्या एकाकडून बार आणून बघितला, जरासा ओढून घ्यावा लागला पण बसला. उजवा आयडलर आर्म ढिला आहे. आणि एक, गाडी हळू चालवताना पुढून सारखा चर्र चर्र आवाज येतो, जुन्या खाटेसारखा.

ऑस्टिनची_अनघा
माझं मत थोडं वेगळं. एवढी तोडफोड करण्यापेक्षा ते मस्टँग टू पद्धतीचं संपूर्ण फ्रंट एंड मिळतं ना, ७४ ते ७८ च्या मस्टँगवरून निघालेलं, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, कॉइलओव्हर (शॉकवरच बसलेली स्प्रिंग), डिस्क ब्रेक सगळं एकत्र येतं, टॉवर कापून टाकायचे, इंजिनला दोन्ही बाजूंनी भरपूर जागा. आमच्याकडे बऱ्याच जणांनी केलंय आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालंय. एकदाच खर्च होतो आणि कटकट संपते असं मला वाटतं.

डिअरबॉर्नवासी
अनघाताई, मोठं इंजिन घालायचं असेल, किंवा टॉवर कुजलेलेच असतील, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण यांच्या गाडीत टॉवर शाबूत आहेत. टॉवर कापले की स्प्रिंगचा भार जो वर जात होता तो सगळा खालच्या पातळ फ्रेम रेलवर येतो, ती रेल साठच्या दशकातल्या पत्र्याची, मग तिला प्लेटा मारा, टॉवरच्या जागी नवीन आधार द्या, आणि हे सगळं गॅरेजातल्या मिग मशीनवर घरी करणाऱ्यांची वेल्डिंग मी बघितली आहेत, झोप लागणार नाही. शिवाय एकदा कापलं की परत फिरता येत नाही. एडिसनमध्ये बनलेली, २८९ वाली, टॉवर शाबूत असलेली गाडी कापायला माझा जीव होणार नाही. मूळ रचनाच दुरुस्त केली तर ती पुरून उरते, ६५-६६ मध्ये शेल्बीच्या गाड्या याच आर्मवर शर्यती जिंकत होत्या.

ऑस्टिनची_अनघा
फ्रेम रेलचा मुद्दा पटला. आमच्याकडच्या गाड्यांचं काम दुकानात झालं होतं, घरी नाही. शाबूत टॉवर असतील तर मी आग्रह धरणार नाही. स्टिअरिंगचं मात्र बघा, रेडियल टायर, रुंद चाक आणि साधं स्टिअरिंग म्हणजे पार्किंग करताना हात भरून येतात.

डिअरबॉर्नवासी
बरोबर, त्यावर बोलू. आधी चर्र चर्र. एडिसनकर, तो आवाज या गाडीची ओळखच आहे. ६५-६६ च्या वरच्या आर्मला रबरी बुश नाहीत, लोखंडी आटे असलेले बुश आहेत, त्यांना ग्रीस लागतं. कारखान्यातून तिथे ग्रीस निपल नाही, नुसते प्लग, आणि तिथे ग्रीस गन पोचत नाही म्हणून पूर्वी मेकॅनिक टॉवरला सरळ भोक पाडायचे. तुमच्या टॉवरला तसं भोक दिसलं तर घाबरू नका. आर्म काढणारच आहात तर नवीन आर्म बाहेर असतानाच कोन असलेले निपल लावून ग्रीस भरून घ्या.

आता माझ्या हिशेबाने यादी. वरचे-खालचे आर्म नवीन. स्प्रिंग ज्या पाळण्यात बसते त्या पर्चमध्ये रबरी बुश असतो तो अडकून अडकून हलतो, त्याजागी बेअरिंगचे रोलर पर्च घाला, छोटे छोटे खड्डे गिळायला लागते गाडी. स्प्रिंग इंचाला ६०० ते ६२० पाउंडच्या, १ इंच बुटक्या. आकडा मोठा वाटेल पण स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसते त्यामुळे चाकापाशी त्यातला जेमतेम पाव हिस्सा पोचतो. पुढचा अँटी-रोल बार (वळणावरचं झुकणं कमी करणारा दांडा) १ इंच जाडीचा. मागचा बार नको, या गाडीत मागचं चाक हलकं होऊन ओल्या रस्त्यावर शेपटी बाहेर जाते. शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) चांगले घ्या, इथे पैसे वाचवू नका, शेल्बीने कोनी वापरले होते ते उगाच नाही, आणि स्वस्तातले गॅसचे कडक शॉकअब लावून लोक म्हणतात सस्पेन्शन बदललं पण गाडी आपटते, तर ती त्या शॉकअबमुळे आपटते.

स्ट्रट रॉडला पॉलियुरेथेनचे कडक बुश विकतात, ते टाळा. तो रॉड सगळ्या दिशांना हलायला हवा, कडक बुशमध्ये तो मुळाशी वाकत राहतो आणि तुटतो. एकतर चांगलं रबर, नाहीतर गोल जॉइंटवाला ॲडजस्टेबल रॉड.

ठाण्याची_सुलू (सध्या ह्यूस्टन)
चाकाचा हिशेब मी सांगते, दोन गाड्यांची चाकं मोजूनमापून घेतली आहेत आणि या विषयात लोक फोटो बघून पैसे घालवतात ते बघवत नाही.

व्ही-८ मस्टँगला ५ नट, ४.५ इंचाच्या वर्तुळावर. सहा सिलिंडरवाल्यांना ४ नट, म्हणून आधी मोजा, कधीकधी इंजिन नंतर बदललेलं असतं आणि हब जुनेच. स्टड १/२ इंची, २० आट्यांचे.

बॅकस्पेसिंग म्हणजे चाक पालथं ठेवायचं, मागच्या कडेवर सरळ पट्टी ठेवायची आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंत मोजायचं. ७ इंची चाक म्हणजे टायर बसतो तिथे ७, कडा धरून साधारण ८. मध्य आला ४ वर. बॅकस्पेसिंग ४.२५ असेल तर ऑफसेट (हबला टेकणारा भाग मध्यापासून किती सरकलाय ते) पाव इंच, म्हणजे साधारण प्लस ६ मिलिमीटर. या गाडीला १५ बाय ७, ४.२५ बॅकस्पेसिंग हे माप चारही बाजूंना शांतपणे बसतं. १७ घ्यायची असतील तर पुढे १७ बाय ७, मागे ८ ला ४.७५. हल्लीच्या मस्टँगची चाकं नट जुळतात म्हणून स्वस्तात घेऊ नका, त्यांचा ऑफसेट खूप आत असतो, मग स्पेसर लावत बसा.

उंची: जुना १९५/७५ १४ म्हणजे २५.५ इंच. २१५/६० १५ म्हणजे २५.२. २२५/६० १५ म्हणजे २५.६. २०५/६० १५ घेतला तर २४.७ होतो, स्पीडोमीटर तीन टक्के जास्त दाखवेल आणि चाकाच्या वर पोकळी दिसेल. १७ मध्ये २२५/४५ म्हणजे २५ आणि मागे २४५/४५ म्हणजे २५.७, पण २४५ ला मागच्या मडगार्डची आतली कड वळवावी लागते.

आता १५ की १७? खरं सांगते, १५ मध्ये चिकट स्पोर्टी टायर फारसे उरले नाहीत, पांढऱ्या अक्षरांचे टूरिंग टायर मिळतात, दिसतात सुंदर. १७ मध्ये हवे तेवढे चांगले टायर मिळतात. पण १७ चं चाक-टायर जड, आणि टायरची भिंत बुटकी म्हणून खड्डा थेट कंबरेला लागतो. पोकोनोजचे हिवाळ्यानंतरचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. मी १५ च घेईन, पुढे २१५ मागे २२५. ६५ च्या अंगावर १५ शोभतंही.

एडिसनकर
सुलूताई, अशा भाषेत मला कोणी सांगितलंच नव्हतं. १७ कार्टमधून काढली. १५ बाय ७ ऑर्डर करू का मग?

डिअरबॉर्नवासी
थांबा! ब्रेक ठरल्याशिवाय नाही. म्हणूनच चाक शेवटी म्हणालो.

६५-६६ च्या गाड्यांना मास्टर सिलिंडरमध्ये एकच कप्पा आहे. कुठेही एक पाइप फुटला, एक व्हील सिलिंडर गळला, की चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. ६७ पासून दोन कप्प्यांचा आला. रुंद टायर लावून वेगाने घाट उतरायचा विचार असेल तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर हा पहिला खर्च, चाकांच्या आधीचा, रंगाच्या आधीचा, सगळ्याच्या आधीचा.

त्याच वेळी पुढे डिस्क घाला. ६५ ला फोर्ड स्वतः केल्सी-हेसचे चार पिस्टनवाले डिस्क देत होतं, म्हणजे गाडीच्या काळाला धरूनच आहे. मागे ड्रम राहू दे, पण मधे प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) हवा नाहीतर मागची चाकं आधी जाम होतील. आता मुख्य गोष्ट अशी की बरीचशी डिस्क किट १५ इंची चाक मागतात, आणि काही किटचा हब चाकाला बाहेर ढकलतो, कोणी पाव इंच, कोणी जास्त. तुम्ही आधी चाक घेतलंत आणि नंतर डिस्क बसवली की सुलूताईंचा सगळा हिशेब पाव इंचाने हलला, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला लागला. आणि चाकाच्या काड्या कॅलिपरला लागतात का तेही बघायचं, टॉर्क थ्रस्टच्या डी मॉडेलच्या काड्या बाहेर वळवलेल्या आहेत त्या डिस्कला जागा मिळावी म्हणूनच. तेव्हा डिस्क बसवा, गाडी जमिनीवर आणा, मग मोजा, मग ऑर्डर.

गिरगावकर_१९
थोडं अवांतर. आमच्याकडे आजोबांची डॉज किंग्सवे आहे, कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात जोडलेली. मुंबईत अमेरिकन गाडी म्हटली की सगळे इंपाला म्हणतात पण आमच्यासाठी हीच. पुढे किंगपिन, मागे कमानपाटे. धागा वाचून मलाही हुरूप आला, रुंद अलॉय आणि डिस्क घालावेत का?

डिअरबॉर्नवासी
गिरगावकर, तुमच्या गाडीत मी काहीच बदलणार नाही, फक्त ताजं करेन. किंगपिन आणि बुश नवीन, पाटे उतरवून साफ करून कमान परत घालून घ्यायची, हे काम करणारे कमानवाले अजून तुमच्याकडे आहेत जे आम्हाला इथे शोधून सापडत नाहीत.

चाकणचा_इंजिनिअर
आणि कागदाची बाजू पण बघा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचा नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडीच त्यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात. उद्या अलॉय आणि डिस्क बघून कोणी मूळ रूपावर बोट ठेवलं तर? किंग्सवे किती उरल्यात! मूळच ठेवा.

गिरगावकर_१९
पटलं. किंगपिन आणि कमानच करतो. धन्यवाद दोघांना.

एडिसनकर
मंडळी, पार्ट आले. मोठा खोका उचलताना मुलगा पण उत्साहात आहे. पुढची स्प्रिंग काढायची आहे या रविवारी, काही सूचना?

डिअरबॉर्नवासी
हो, आणि ही मनावर घ्या. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. स्वस्त हुकवाले कॉम्प्रेसर जे बाहेरून लावतात ते या गाडीत वापरू नका. वरून टॉवरमधून आत जाणारा कॉम्प्रेसर मिळतो, पार्टच्या दुकानातून भाड्यानेही मिळतो, पण आटे झिजलेले नाहीत ना बघून, ग्रीस लावून मगच. आधी शॉकअब वरची टोपी आणि खालचे दोन नट काढून बाहेर घ्यायचा कारण तो स्प्रिंगच्या आतच असतो. गाडी फ्रेमखाली जॅकस्टँडवर, चाक काढून गाडीखाली सरकवून ठेवा. हाताने पाना फिरवा, इम्पॅक्ट गन नको. आणि मुलाला लांब उभं करा, त्या वेळी चेहरा टॉवरवर आणायचा नाही कोणीच. स्प्रिंग बुटकी करायला म्हणून गॅसने कापायची नाही, तापली की तिचा जीव गेला.

ऑस्टिनची_अनघा
मागच्या पाट्यांचं पण सांगा ना त्यांना.

डिअरबॉर्नवासी
मागची स्प्रिंग मूळ चार पाट्यांची आहे. बसकी झाली असेल तर साडेचार पाट्यांची मिड-आय घ्या, तिचा डोळा (टोकाचं बोल्टचं वेटोळं) मुख्य पाट्याच्या मध्यावर असतो त्याने मागची बाजू १ इंच खाली येते आणि पुढच्याशी जुळते. रबरी बुशचे सगळे बोल्ट, मागचे पाट्यांचे आणि पुढे खालच्या आर्मचे, गाडी हवेत असताना नुसते हाताने लावायचे. गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर, थोडी पुढेमागे ढकलून, मगच आवळायचे. रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, हवेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि गाडी उंच बसते. मग लोक म्हणतात नवीन स्प्रिंग चुकीची आली.

एडिसनकर
अपडेट देतोय. टेम्प्लेट लावून भोकं पाडली, आर्म खाली घेतले, रोलर पर्च, स्प्रिंग, बार, शॉकअब सगळं बसलं. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, पुढे डिस्क. मागे नवीन पाटे. एक्स्पोर्ट ब्रेस लागला. आयडलर आर्म बदलला. मग गाडी खाली आणून मोजलं, आमच्या किटने चाक पाव इंचाला जरा कमी बाहेर आलंय, सुलूताईंना मापं पाठवली, त्यांनी ४.२५ च ठीक म्हटलं, पुढे २१५ मागे २२५. काल चाकं चढवली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून, एक चाक जॅकने वर दाबूनही बघितलं, कुठे लागत नाही.

अजून अलाइनमेंट नाही म्हणून गल्लीतल्या गल्लीतच फिरवली. तरीही! चर्र चर्र गेलं. गतिरोधकावरून जाताना पुढचं आणि मागचं एकत्र उतरतं आता. मुलगा म्हणतो ही आपलीच गाडी ना?

अलाइनमेंटच्या दुकानात फोन केला तर ते म्हणाले कॉम्प्युटरमध्ये ६५ ची मापं आहेत, त्याप्रमाणे करून देतो. चालेल?

चाकणचा_इंजिनिअर
नाही चालणार. ती मापं त्या काळच्या बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या) टायरसाठीची आहेत, रेडियल टायरला वेगळी लागतात, आणि तुमच्या आर्मची जागाही बदललीय. कागदावर लिहून न्या: कॅम्बर (चाकाचं वरून आत-बाहेर कलणं) उणे अर्धा अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचं मागे कलणं) अधिक २ ते अडीच, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं) १/८ इंच. ६५-६६ मध्ये कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही वरच्या आर्मच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून-काढून जमवतात, वेळखाऊ आहे, म्हणून घाईतला मुलगा टो लावून पाठवून देईल. जुन्या गाड्या करणारं दुकान शोधा आणि आधी-नंतरचे आकडे छापून मागा. तुमचं ५५ मैलांवरचं तरंगणं मुख्यतः कॅस्टरने जाईल.

ठाण्याची_सुलू (सध्या ह्यूस्टन)
कॅस्टर वाढला की स्टिअरिंग जरा जड होईल, अनघाताई म्हणाल्या होत्या तेच. कासवगतीने फिरवत फिरवत स्टिअरिंग वळवायची सवय लावा, उभ्या गाडीत वळवू नका. चार महिने तसंच चालवा, मग वाटलं तर पॉवर स्टिअरिंगचं बघा.

एडिसनकर
अलाइनमेंट झालं! जुनं दुकान, काउंटरवरच्या काकांनी आमचा कागद वाचला आणि म्हणाले हे कोणी लिहून दिलं ते बरोबर लिहिलंय. कॅस्टर दोन्ही बाजूंना २.३, कॅम्बर उणे ०.५ आणि उणे ०.६. तिथून थेट रूट ८० धरला. ६५ मैलांवर एका हाताने सरळ चाललीय गाडी, ट्रक शेजारून गेला तरी हलली नाही. वॉटर गॅपपाशी नदीकाठच्या वळणांवर बायकोने दार धरलं नाही, उलट परत येताना तिनेच चालवली आणि मला किल्ली द्यायला तयार नव्हती. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही.

नाशिकचा_नंदू
फोटो!!

ऑस्टिनची_अनघा
वहिनींना सांगा, स्टिअरिंगचा अभिप्राय त्यांचाच हवा आम्हाला. जड वाटलं का?

एडिसनकर
फोटो रात्री टाकतो. ती म्हणते पार्किंगमध्ये जड, रस्त्यावर अजिबात नाही, बदलू नकोस.

डिअरबॉर्नवासी
फार बरं वाटलं वाचून. आता ५० ते १०० मैल झाले असतील तर चाकांचे नट टॉर्क रेंचने परत बघा, ८०-९० फूट-पाउंड, अलॉय चाक बसताना नट सैल होतात. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट पण त्याच दिवशी. आणि पुढच्या डिस्कच्या होजेस स्टिअरिंग टोकाला वळवल्यावर ताणल्या जात नाहीत ना, टायरला घासत नाहीत ना, ते खाली वाकून दोन्ही बाजूंनी बघून इथे लिहा.